छातीतली नळी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया: दोहोंचे काम एक नव्हे

उंच, सडपातळ, बहुधा सिगारेट ओढणाऱ्या एखाद्या तरुणाच्या छातीत अचानक कळ येते, दम लागतो आणि एक्स-रेमध्ये एका बाजूचे फुफ्फुस आकसलेले दिसते. मार न लागता झालेल्या अशा न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा साठण्याच्या विकारात, बरगड्यांमधून नळी घालतात, तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवतात, श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली होते आणि खोकल्यावर बुडबुडे येतात, हे बहुतेकांना ऐकून किंवा पाहून ठाऊक असते. सुई की नळी, नळी बारीक की जाड, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही, कारण या सर्वांचे काम एकच आहे: फुफ्फुसाबाहेर अडकलेली हवा काढणे.

घोळ होतो तो पुढे. ‘नळीने फुफ्फुस उघडले, आता प्रश्न मिटला’ आणि ‘नळीने भागले नाही म्हणून ऑपरेशन करावे लागले’, ही दोन्ही वाक्ये नळी आणि शस्त्रक्रिया यांना एकाच उपचाराच्या लहान-मोठ्या मात्रा समजतात. दुसऱ्या वाक्यात थोडे तथ्य आहे, कारण चार-पाच दिवसांनंतरही बुडबुडे थांबले नाहीत, म्हणजे फुफ्फुसातून हवा गळतच राहिली, तर शल्यचिकित्सकाला बोलावतातच. परंतु शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू पुढचा झटका टाळणे हा असतो. फुफ्फुसाच्या शेंड्यावरचे पातळ भिंतीचे फुगे दुर्बिणीतून कापून काढतात आणि फुफ्फुसावरणाचे दोन पदर एकमेकांना चिकटतील अशी व्यवस्था करतात, म्हणजे हवेला साठायला जागाच उरत नाही. नळी यांपैकी काहीही करत नाही. म्हणूनच पहिल्या झटक्यानंतर केवळ हवा काढलेल्या रुग्णांपैकी साधारण एकतृतीयांश रुग्णांना तो पुन्हा येतो. शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास उतरते.

गोंधळात भर पडते ती दोन कारणांनी. शस्त्रक्रियेनंतरही काही दिवस नळी ठेवावी लागते. आणि ज्यांना भूल झेपणार नाही, अशांच्या नळीतूनच टाल्कसारखे औषध सोडून पदर चिकटवतात. तेथे प्रतिबंध करते ते औषध, नळी केवळ त्याची वाट असते.

फुफ्फुस जास्त आकसले म्हणजे नळी घातलीच पाहिजे, हा आग्रहही मला पटत नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३१६ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम ते मोठ्या न्यूमोथोरॅक्सचे अनेक रुग्ण निव्वळ देखरेखीखाली ठेवले गेले; त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्क्यांना नळीची गरजच पडली नाही. अर्थात हे एरवी निरोगी फुफ्फुसाच्या आणि फारसा दम न लागलेल्या रुग्णांपुरते खरे आहे. क्षयाने किंवा सीओपीडीने (श्वासमार्ग अरुंद होण्याच्या जुनाट विकाराने) आधीच खराब झालेल्या फुफ्फुसाला थोडी हवाही सोसत नाही, आणि रक्तदाब कोसळू लागला असेल तर हवा काढण्यासाठी एक्स-रेचीही वाट पाहायची नसते.

दुसऱ्यांदा त्याच बाजूला झटका आला, किंवा रुग्ण वैमानिक असेल, तर पुन्हा नळी घालून घरी पाठवण्यापेक्षा शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि बुडबुडे येत असताना रुग्णाला एक्स-रेला नेताना नळीला चिमटा लावण्याची सवय कृपया सोडावी: हवा आतच कोंडून जिवावर बेतू शकते. बाटली छातीच्या पातळीखाली धरली की पुरते.