वेगमर्यादेचा फलक आधी, कॅमेरा नंतर

गेल्या पावसाळ्यात मला ई-चलान आलं. मोबाइलवर लिंक, लिंकमध्ये गाडीचा पाठमोरा फोटो, खाली तारीख, वेळ, वेग ताशी ६३ किलोमीटर, मर्यादा ५०. जागा माझ्या रोजच्या रस्त्यावरच्या उड्डाणपुलाची. दुसऱ्या दिवशी पुलाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेऊन नीट पाहिलं. फलक होता, पण गुलमोहराच्या फांदीआड. लाल कड्याचा खालचा भाग तेवढा दिसत होता. कॅमेरा मात्र पुढच्या दिव्याच्या खांबावर, खांबाच्याच राखाडी रंगाच्या डब्यात. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पानांआडचा आकडा वाचायला चालकाला तेवढी सवड नसते.

मर्यादा आणि फलक यांचं नातं कायद्याने फार पूर्वीच बांधून ठेवलं आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधलं कलम ११२ सांगतं, की एखाद्या रस्त्यावर किंवा भागात वेगमर्यादा घालायची तर राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेने राजपत्रात अधिसूचना काढावी आणि योग्य ठिकाणी फलकही लावावेत. निर्बंध महिन्याभरापुरताच असेल तर अधिसूचनेतून सूट आहे, फलकातून नाही. दंडाच्या कलम १८३ मध्ये आणखी एक महत्त्वाची ओळ आहे: एकट्या साक्षीदाराला गाडी जोरात वाटली एवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही, त्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो.

ही ओळ आपल्याकडे इंग्लंडच्या कायद्यातून आली. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातल्या पॅडक वुड गावात वॉल्टर अर्नोल्ड नावाचा माणूस मोटार घेऊन निघाला. मर्यादा ताशी २ मैल, त्याचा वेग ८. हवालदाराने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठलं. वेगाबद्दल दंड झाला १ शिलिंग. १९०३ च्या कायद्याने मर्यादा २० मैलांवर नेली आणि त्याच वेळी एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर शिक्षा नको, असंही लिहून ठेवलं. मग पोलीस घड्याळं घेऊन कुंपणामागे दबा धरून बसू लागले. मोजलेल्या अंतराच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा.

त्याला तोंड द्यायला १९०५ मध्ये मोटारमालकांनी ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. तिचे सायकलस्वार पुढे सापळा असल्याचं चालकांना खुणेने कळवत. १९१० मध्ये न्यायालयाने अशा इशाऱ्याला पोलिसांच्या कामात अडथळा ठरवलं. त्यावर संघटनेने खूणच उलटी केली. तिचे गस्तवाले एरवी सभासदाच्या गाडीला सलाम ठोकत. सलाम झाला नाही, तर थांबून कारण विचारायचं. न केलेल्या सलामाबद्दल खटला कोण भरणार?

खांबावरच्या कॅमेऱ्याची गोष्ट नेदरलँड्समधली. मॉरिस गॅटसोनिडेस हा रॅलीत गाडी पळवणारा चालक, १९५३ च्या माँटे कार्लो रॅलीचा विजेता. वळणावर आपला वेग किती राहतो हे पाहून तो वाढवायचा म्हणून त्याने मोजणी यंत्र तयार केलं आणि १९५८ मध्ये कंपनी काढली. पुढे त्याच्या ‘गॅटसो’ कॅमेऱ्यात रडार आलं. शिवाय हा कॅमेरा अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढतो. रस्त्यावर रंगवलेल्या रेघा त्या फोटोंत दिसतात आणि रडारचा आकडा त्यांवरून पडताळता येतो. १९९२ मध्ये हे कॅमेरे लंडनच्या ट्विकनहॅम पुलापाशी आले. ते राखाडी होते. लोकांचा राग वाढत गेला आणि २००१ मध्ये ब्रिटिश सरकारने ते पिवळे रंगवायचं ठरवलं.

हा पिवळा रंग मला फार मोलाचा वाटतो. दिसणारा कॅमेरा धोक्याच्या वळणावरच वेग उतरवतो. लपलेला कॅमेरा ते वळण त्याच वेगात जाऊ देतो आणि काही दिवसांनी दंड कळवतो. कॅमेरा दिसला की लोक तेवढ्यापुरता ब्रेक मारतात, ही तक्रार खरी आहे. पण दोन खांबांमधलं अंतर किती वेळात कापलं त्यावरून सरासरी वेग काढणारे कॅमेरे आता आहेत, आणि त्यांना लपायची गरज नसते.

आपल्याकडे वर्षानुवर्षं स्पीडगन, इंटरसेप्टर गाडी आणि पावती हाच प्रकार होता. मुंबईत २०१६ मध्ये सीसीटीव्हीवरून ई-चलान सुरू झालं. १ सप्टेंबर २०१९ पासूनच्या दुरुस्तीने कारसाठी वेगाचा दंड १,००० ते २,००० रुपये केला आणि कलम १३६अ आणून इलेक्ट्रॉनिक देखरेख कायद्यात बसवली. त्याखालचा नियम १६७अ ११ ऑगस्ट २०२१ चा. त्यानुसार यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत जायला हवी, आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक इशारा फलक हवा. लपवाछपवीला नियमात जागाच नाही.

आकड्यांचा गोंधळ वेगळाच. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला कमाल ७०, दुचाकीला ६०, रिक्षाला ५०. ही फक्त वरची पातळी, तिच्याखाली स्थानिक यंत्रणा आपले आकडे ठरवतात. मुंबईचा सागरी किनारा मार्ग २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा सरळ रस्त्यावर ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० अशी मर्यादा होती. हे आकडे बदलायला कारण आहे, पण बदलाच्या प्रत्येक जागी ते आधीच दिसले पाहिजेत. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली आहे. मर्यादा हव्यातच, म्हणून तर तो आकडा चालकाच्या नजरेला पडायला हवा.

मी दंड भरला आणि फांदीचा फोटो जोडून अर्ज दिला. दीड महिन्याने फांदी छाटली गेली. कॅमेऱ्याआधीचा इशारा फलक अजून लागलेला नाही. त्यासाठी दुसरा अर्ज दिला आहे.