पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळेनासं का झालं?

पार्श्वभूमी

हृदयाच्या औषधांची टंचाई म्हटली की महागडी औषधं डोळ्यांसमोर येतात. पण गेली काही वर्षं व्हॉल्व्हच्या पेशंटना सगळ्यात जास्त दुकानं पालथी घालायला लावली ती एका जुन्या, स्वस्त इंजेक्शनने. त्याचं नाव बेंझाथिन पेनिसिलिन. केमिस्टकडे लोक अजून ‘पेनिड्यूर बारा’ असंच मागतात, म्हणजे बारा लाख युनिटची बाटली.

हे इंजेक्शन लागतं ऱ्हुमॅटिक तापाच्या पेशंटना. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूने धरतो आणि काही आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप मात्र जायबंदी राहू शकते. ताप उलटला की तिची आणखी नासाडी होते. तो उलटू नये म्हणून दर 21 दिवसांनी इंजेक्शन, वर्षाला सतरा-अठरा, निदान दहा वर्षं, काहींना जन्मभर. बाटलीतली पांढरी पूड पाण्यात कालवून, हलवून लगेच जाड सुईने कमरेत टोचायची. जरा रेंगाळलं की साका सुईत अडकतो. दुखतं भरपूर. त्यात रिअ‍ॅक्शनची धास्ती असल्याने बरेच खासगी डॉक्टर ते द्यायलाच तयार नसतात. म्हणजे औषधाची बोंब नसतानाही पेशंटची वणवण होतीच.

पेनिसिलिनची चणचण पुण्याने फार आधी पाहिली आहे. 1944 साली आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात असताना त्यांच्यासाठी ते विमानाने मागवावं लागलं होतं. ते द्यावं असा आग्रह धरणाऱ्या मुलाची, देवदासची, गांधीजींनी समजूत घातली आणि ते टोचलं गेलंच नाही. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1954 मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. यंत्रं आणि तंत्रज्ञान युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने आलं, पेनिसिलिन मात्र इथेच बनू लागलं. शरीरात हळूहळू विरघळून आठवडेच्या आठवडे टिकणारं बेंझाथिन पेनिसिलिनही त्याच काळातलं, 1950च्या दशकाच्या सुरुवातीचं.

मग 1990च्या दशकात आयात खुली झाली आणि चीनमधून येणारं पेनिसिलिन इथल्या उत्पादनखर्चाखाली विकलं जाऊ लागलं. देशातले कारखाने एकेक करून बंद पडले. पिंपरीचा कारखानाही आजारी उद्योगांत गेला आणि 2016 मध्ये त्याची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय केंद्राने घेतला. कच्चा माल बनवणारे जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, त्यातले बहुतेक चीनमध्ये. शिवाय किंमत सरकारने बांधलेली, नफा नगण्य. अशा मालात कंपनीला रस का वाटावा? पेशंटला परवडावं म्हणून बांधलेली किंमतच पुरवठ्याच्या मुळावर आली, असं माझं स्पष्ट मत आहे. 2016 साली जागतिक आरोग्य सभेने तुटवड्यातल्या औषधांवर ठराव केला, त्यात बेंझाथिन पेनिसिलिनचं नाव घेतलं होतं.

बाटल्या कमी पडल्या की प्रश्न येतो आधी कोणाला द्यायच्या हा. गरोदरपणातल्या सिफिलिस या गुप्तरोगालाही हेच औषध लागतं आणि तिथे याला तोडीचा पर्याय नाही. व्हॉल्व्हच्या मुलांना तोपर्यंत पेनिसिलिन-व्हीची 250 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देता येते. अ‍ॅलर्जी असेल तर एरिथ्रोमायसिन. पण जे मूल तीन आठवड्यांनी एक सुई कशीबशी घेतं, ते वर्षानुवर्षं रोज दोन गोळ्या न चुकता घेईल, हे कोणी खात्रीने सांगावं? म्हणून ज्या ओपीडीत पेशंटची वही नीट ठेवलेली असते, कोणाची तारीख कधी हे नर्सला ठाऊक असतं, तिथे टंचाईतही डोस कमी चुकतात. वही असली की गोळ्यांवर टाकलेल्या मुलाला माल येताच परत बोलावता येतं.

2020 मध्ये केंद्राने कच्च्या मालासाठी प्रोत्साहन योजना आणली आणि 2024 मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचं, म्हणजे ज्यापासून हे इंजेक्शनही बनतं त्या कच्च्या मालाचं, उत्पादन पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी साध्या बेंझिल पेनिसिलिनची (बेंझाथिनची नव्हे) कमाल किंमत निम्म्याने वाढवून दिली गेली. मात्र पेनिसिलिन-जी मुख्यतः अ‍ॅमॉक्सिसिलिनसारख्या मोठ्या खपाच्या औषधांसाठी वापरलं जातं. त्यातलं किती बारा लाखाच्या बाटलीपर्यंत पोचणार, हे ती बाटली भरणाऱ्या मोजक्या कंपन्याच ठरवणार.