रंकाळ्यावर बसलं म्हणून खासगीपणा संपत नाही

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर निवांत बसलेल्या जोडप्याचं कुणीतरी चोरून रील काढतं, वर गाणं चढवतं आणि जाब विचारला की उत्तर ठरलेलं: "चारचौघांत बसलाय ना, मग खासगी कसलं? आमचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य हाय." हा समज साफ चुकीचा आहे.

पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यानं तो हक्क गळून पडत नाही, हेही त्या निकालात आलं. हक्क माणसाला चिकटलेला असतो, जागेला नाही.

मग खासगीपणा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य एकमेकांशी तोलायचं कसं? युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचं उदाहरण बोलकं आहे. मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिन यांचे बाजारहाट करतानाचे फोटो छापल्याबद्दल २००४ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला, कारण त्या फोटोंनी कुठल्याच सार्वजनिक चर्चेत भर पडत नव्हती. २०१२ साली मात्र त्या हरल्या. स्कीइंगच्या सुट्टीतला त्यांचा फोटो मोनॅकोच्या आजारी राज्यप्रमुखाविषयीच्या बातमीसोबत होता आणि राज्यप्रमुखाची तब्येत हा लोकांच्या हिताचा विषय होता.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि ती सोयीस्कर विसरली जाते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालानुसार सरकारी अधिकारी आपल्या कामाबद्दलची टीका खासगीपणाच्या नावाखाली दाबू शकत नाहीत. खड्ड्यांचा जाब देणाऱ्या अधिकाऱ्याचा व्हिडिओ आणि कट्ट्यावरच्या जोडप्याचं रील एका मापानं मोजता येत नाही.