अक्कलदाढ काढायचीच, हे कधीपासून सुरू झालं?

वीस-बावीस वर्षांचं पोरगं गाल धरून डेंटिस्टकडे गेलं की आधी ओपीजी (म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे) काढायला सांगतात आणि मग ठरलेलं वाक्य, "दाढ आडवी आहे, काढावी लागेल." घरी आजी म्हणणार, अक्कल येतेय रे, जरा सोस. दुखणं जुनंच आहे, पण हे 'काढून टाका' इतकं कॉमन व्हायला फार तर शंभर वर्षं झालीत.

सुश्रुतसंहितेत निदानस्थानात 'अधिमांस' म्हणून एक रोग दिलाय, जबड्यातल्या सगळ्यात मागच्या दाताशी मोठी सूज, भयंकर ठणका, लाळ गळणं. ज्याची दाढ अर्धवट वर येऊन अडकलीय तो वाचून म्हणेल की हे तर माझंच चाललंय! उपाय काय, तर ते वाढलेलं मांस कापायचं आणि वेखंड, जवखार वगैरेंचं चूर्ण मधातून लावायचं. आजही कधीकधी नुसती दाढेवरची हिरडी कापतात, म्हणजे आयडिया तीच, फक्त आता भुलीचं इंजेक्शन असतं (तेव्हाच्या पेशंटचा विचार नको करायला). अॅरिस्टॉटलनेही लिहून ठेवलंय की ही दाढ विशीच्या आसपास येते आणि काही बायकांना तर ऐंशीव्या वर्षी आलेली आहे.

दाढ अडकते कारण जबड्यात तिला जागा पुरत नाही, आणि याचं मुख्य कारण खाणं. लहानपणी चावून चावून जबडा वाढतो, पण दाताचा साइज काही चावण्यावर ठरत नाही, त्यामुळे अन्न शिजवून, दळून मऊ होत गेलं तसा जबडा आखूड राहिला आणि दाढा तेवढ्याच. काहींना ती दाढ येतच नाही, नशीबवान लोक.

खरी गंमत एक्स-रेपासून सुरू होते. 1895 मध्ये राँटगेनने शोध लावला आणि 1896 च्या जानेवारीत जर्मनीतल्या ओटो वाल्कहॉफ नावाच्या डेंटिस्टने स्वतःच्याच दातांचा फोटो काढला, त्यासाठी 25 मिनिटं हलायचं नाही. मग 1926 मध्ये अमेरिकेत जॉर्ज विंटरने दाढ कुठल्या बाजूला कललीय त्यावरून प्रकार पाडले, रिपोर्टवरचं 'मेसिओअँग्युलर' (म्हणजे पुढच्या दाढेकडे कललेली) तिथलंच. म्हणजे जी दाढ हिरडीखाली गपचूप पडून होती, काही दुखत नव्हतं, तीसुद्धा फोटोत दिसायला लागली आणि दिसली की केस झाली. अमेरिकेत तर पुढे कॉलेजच्या वयात, दुखत नसतानाही, चारही दाढा काढून घेणं हा रिवाजच पडला.

2000 साली इंग्लंडमध्ये 'नाइस' या सरकारी संस्थेने उलटा नियम केला, दाढेला काही आजार असेल तरच काढा, उगाच नाही. पण त्यानंतर तिथल्याच काही डेंटिस्टांना वेगळं दिसायला लागलं, आडवी दाढ पुढच्या चांगल्या दाढेला टेकलेली असते, मधे अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही आणि काही वर्षांनी ती पुढची दाढच किडते. त्यामुळे तिथेही वाद अजून चालूच आहे.