वैशाखातला धागा, श्रावणातला धागा

मराठवाड्यात शेवया उन्हाळ्यातच का करतात, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पाटावर वळलेली शेवई काठीवर टाकली की दुपारपर्यंत कडकडीत वाळते. श्रावणात केली तर चिकटून लगदा व्हायचा. इलेक्ट्रोस्पिनिंग हीसुद्धा धागा ओढून वाळवायचीच कृती. फक्त ओढायला हात नसतो, विद्युतदाब असतो.

सिरिंजमध्ये पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाचं, द्रावण भरायचं, सुईला १० ते २० हजार व्होल्ट द्यायचे, समोर १५ सेंटीमीटरवर धातूची पाटी ठेवायची. सुईच्या टोकावरचा थेंब ताणून शंकूसारखा होतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये त्याचं गणित मांडलं, म्हणून तो टेलर शंकू. त्यातून सुटलेली धार थोडी सरळ जाते, मग चाबकासारखी गरगरत बारीक होते. पाटीवर पोचेपर्यंत तिच्यातला द्रावक उडून जायला हवा, आणि त्याला मिळतो सेकंदाचा लहानसा अंश. उरतो काही शे नॅनोमीटर जाडीचा तंतू. आपला केस त्याच्या शेकडो पट जाड.

छत्रपती संभाजीनगरला मे महिन्यात आम्ही पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) पाण्यातलं द्रावण चालवायचो. दुपारची आर्द्रता २५ टक्क्यांखाली. तंतू छान यायचे, पण सुईच्या टोकाशी सायीसारखा गोळा धरायचा आणि धार तुटायची. व्होल्ट बंद करायचे, पुसायचं, पुन्हा सुरू. जुलैत द्रावण तेच, व्होल्ट तेच, अंतर तेच. पाटीवर मात्र पांढऱ्या जाळीऐवजी ओलसर, चकचकीत डाग. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू एकमेकांत मिसळलेले, मधे माळेसारखे मणी.

दमट हवेत पाणी सावकाश उडतं, त्यामुळे धार जास्त वेळ ताणली जाते. थोडा ओलावा म्हणूनच उपकारक, तंतू आणखी बारीक येतो. तो वाढला की न वाळलेल्या धारेला पृष्ठताण थेंबांकडे ओढतो. तापमानाचं आणखी अवघड: उष्णतेने द्रावण पातळ होऊन तंतू बारीक व्हायला मदत होते, पण धार लवकर वाळल्याने ताणायला वेळच उरत नाही. कोणती बाजू जिंकेल, हे पॉलिमर आणि द्रावकावर ठरतं. माझ्या मते वहीत व्होल्टच्या शेजारी हवेची आर्द्रता लिहिली नसेल, तर तो प्रयोग दुसऱ्या कुणाला करता येणार नाही.

पॉलिस्टायरीनची, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो त्या पॉलिमरची, गोष्ट निराळी. त्याचा टीएचएफसारखा (टेट्राहायड्रोफ्युरान) द्रावक इतक्या झपाट्याने उडतो की धारेचा पृष्ठभाग गार पडतो, आणि थंड पाण्याच्या तांब्यावर जमतात तसे हवेतले थेंब तिच्यावर जमतात. ते वाळले की मागे छिद्रं राहतात. तेल शोषणाऱ्या तंतूंना ती हवीच असतात, म्हणून तिथे यंत्राच्या पेटीत दमट हवा मुद्दाम सोडतात.