यूयूआयडी आणि स्कीमा: ही भानगड आली कुठून?

यूयूआयडी म्हणजे कंप्युटर एखाद्या गोष्टीला देतो तो, दुसरीकडे कुठे येऊ नये असा लांब नंबर, आणि स्कीमा म्हणजे डेटा कसा असावा त्याचा साचा. यूयूआयडीच्या पहिल्या व्हर्जनचं घड्याळ १५ ऑक्टोबर १५८२ ला सुरू होतं. खरंच. त्या तारखेपासून आत्तापर्यंत १०० नॅनोसेकंदांचे किती टप्पे झाले तो आकडा आयडीत भरायचा, असा नियम आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्या महिन्यात कॅलेंडर दुरुस्त केलं, ४ ऑक्टोबरनंतर डायरेक्ट १५, मधले दहा दिवस गायब. या दुरुस्तीमागचा मोठा गणिती क्लाव्हियस हा पोर्तुगालात कोइंब्राला शिकलेला, आणि पोर्तुगालने नवीन कॅलेंडर लगेच लागू पण केलं. पण गोवा तेव्हा लिस्बनहून जहाजाने सहाएक महिने लांब, त्यामुळे त्या दिवशी इथे कुणाला पत्ताच नसणार, इथले कारकून जुनीच तारीख लिहीत बसले असणार.

सेंटरला विचारायला वेळ नाही आणि काम तर थांबवता येत नाही, आयडीच्या लायब्ऱ्या जन्मल्या त्या याच अडचणीतून. १९८० च्या दशकात अपोलो कंप्युटर नावाची अमेरिकन कंपनी नेटवर्कला जोडलेली वर्कस्टेशन्स बनवायची. प्रत्येक मशीनने नवीन काही बनवलं की त्याला नंबर हवा, आणि दर वेळी मुख्य मशीनला विचारत बसलं तर नेटवर्क कशाला घातलं? म्हणून वेळ अधिक मशीनची ओळख असं जोडून जागच्या जागी नंबर काढायचा. तिथून ही आयडिया डीसीईमध्ये (वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं एकत्र चालवायच्या सामायिक व्यवस्थेत) गेली, मग मायक्रोसॉफ्टने ती जीयूआयडी नावाने उचलली (विंडोजच्या रजिस्ट्रीत महिरपी कंसातले ते लांबलचक आकडे बघितलेत ना, तेच), आणि आरएफसी ४१२२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) म्हणून कागदावर स्टँडर्ड यायला २००५ उजाडलं. तिच्या तीन लेखकांतला पॉल लीच आधी अपोलोत होता, नंतर मायक्रोसॉफ्टमध्ये.

या पहिल्या प्रकारात मशीनची ओळख म्हणजे नेटवर्क कार्डचा मॅक अॅड्रेस (कार्डाचा स्वतःचा नंबर), तो आयडीत जसाच्या तसा दिसायचा. १९९९ मध्ये मेलिसा व्हायरस पसरला तेव्हा वर्डच्या फाइलमध्ये लपलेला असा जीयूआयडी तपासात चर्चेत आला आणि लोकांना कळलं की आपण टाइप केलेल्या डॉक्युमेंटवर आपल्या कंप्युटरचा शिक्का बसतोय. व्हायरसवाल्याचं सोडा, पण साध्या माणसाला पण हे नको असतं. मग चौथा प्रकार सगळीकडे चालला, १२८ पैकी १२२ बिट्स सरळ रँडम, ना वेळ ना मशीन. पायथनमध्ये २.५ व्हर्जनपासून, म्हणजे २००६ पासून, हे घरचंच आहे. जावास्क्रिप्टवाल्यांना मात्र बरीच वर्षं बाहेरची लायब्ररी लागायची, आणि कित्येकांनी तर मॅथ.रँडम (रँडम आकडा काढायचं साधं फंक्शन) वापरून चार ओळींचा तुकडा कुठूनतरी कॉपी करून चिकटवलेला. क्रोमच्या आतलं मॅथ.रँडम २०१५ च्या शेवटी बदलेपर्यंत बऱ्यापैकी कच्चं होतं, त्यामुळे "दोन आयडी सारखे येणं अशक्य" हे वाक्य कागदावरच राहायचं. २०२१ च्या आसपास नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि ब्राउझर दोघांतही क्रिप्टो.रँडमयूयूआयडी हे तयार फंक्शन आलं आणि निम्म्या लोकांना लायब्ररीची गरजच उरली नाही.

पण रँडम आयडी डेटाबेसला आवडत नाही. इंडेक्स क्रमाने लावलेला असतो, त्यात रोज कुठेही मध्येच घुसणारा नंबर आला की इंडेक्सची पानं फुटतात आणि मोठ्या टेबलात लिहिणं स्लो होतं. म्हणून वेळेच्या क्रमाने लागणारे आयडी आले: ट्विटरने २०१० मध्ये स्नोफ्लेक काढलं, ६४ बिट्स, त्यातले ४१ वेळेचे. २०१६ मध्ये युलिड आलं, २६ अक्षरांचं. शेवटी मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ ने सातवा प्रकार पक्का केला: पुढे मिलिसेकंदातली वेळ, मागे रँडम. पोस्टग्रेस डेटाबेसच्या १८ व्या व्हर्जनमध्ये तो आतच आहे. थोडक्यात, वेळ काढून टाकली होती ती परत आणली, मॅक अॅड्रेस तेवढा बाहेरच ठेवला.

स्नोफ्लेकवरून दुसरी गोष्ट निघते. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ५३ बिट्सपर्यंतच बिनचूक राहतो, त्यामुळे ट्विटरचे मोठे आयडी गुपचूप राउंड व्हायला लागले आणि त्यांना जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून पाठवायची पद्धत) तोच आयडी स्ट्रिंग म्हणून वेगळा द्यावा लागला. डेटा आला, दिसला पण बरोबर, आणि होता मात्र चुकीचा. व्हॅलिडेशन, म्हणजे आलेला डेटा तपासणं, लागतं ते यासाठी.

तशी तपासणी जुनीच. आयबीएमच्या लूनने १९५४ मध्ये पेटंटसाठी दिलेली चेक डिजिटची (नंबर चुकलाय का ते पकडणाऱ्या आकड्याची) पद्धत आजही कार्ड नंबरमध्ये आहे, आधारच्या शेवटच्या आकड्यामागे व्हेरहूफची १९६९ ची पद्धत आहे. अख्ख्या डॉक्युमेंटचा साचा तपासणं सगळीकडे पोचलं ते एक्सएमएलबरोबर (जेसनच्या आधीची डेटा पाठवायची पद्धत), २००१ चं एक्सएमएल स्कीमा वाचायला घेतलं की अर्ध्यात चहा लागतो. जेसन आलं तेव्हा लोक खूश झाले की स्कीमाची कटकट गेली, आणि थोड्याच वर्षांत जेसन स्कीमा आलंच! मग तपासणीच्या लायब्ऱ्या: २०१२ ला जॉय, २०१५ ला एजेव्ही, २०१७ ला पायडँटिक, २०२० ला झॉड. शेवटच्या दोघांत खरा बदल झाला, कारण साचा वेगळ्या फाइलमध्ये न राहता कोडच्या टाइपमध्येच आला. टाइपस्क्रिप्टचे टाइप प्रोग्राम चालताना पुसले जातात, त्यामुळे बाहेरून आलेल्या डेटावर त्यांचा काही पहारा नसतो, ती फट झॉडने बुजवली.

माझं मत विचाराल तर लायब्ररी बिचारी ठीक असते, साचा लिहिणारा माणूस नडतो. नावात फक्त अक्षरंच असा नियम लावला की डिसोझातला अपॉस्ट्रॉफी अडकला. सर्व्हे नंबर न्यूमेरिक ठेवला की ४५/३-ए वाला गेला. पीटी शीट आणि चलता नंबर (गोव्यातल्या शहरी जमिनीच्या नोंदीतले आकडे) हे बाहेरच्या डेव्हलपरला माहीतच नसतं, एक-चौदाच्या (गोव्यातल्या गावच्या जमिनीच्या) उताऱ्यावरचा नंबर भरायचा तर फॉर्म लाल होतो. याउलट जीएसटी नंबर बघा, १५ अक्षरं, पुढे गोव्याचे ३०, मग पॅन, शेवटी चेकचं अक्षर. साचा आधी ठरला म्हणून तपासायला सोपा.

आणि आता दोन्ही इतिहास एकमेकांना धडकतायत. जुन्या प्रोजेक्टांत यूयूआयडी तपासायचा जो रेजेक्स (मजकुराचा साचा जुळतो का बघणारी ओळ) फिरतो, त्यात व्हर्जनच्या जागी १ ते ५ एवढंच चालतं, म्हणजे सातव्या प्रकारचा एकदम वैध आयडी तिथे इनव्हॅलिड. डेटाबेस बदलायच्या आधी कोडमध्ये तो रेजेक्स शोधा. झॉडच्या चौथ्या व्हर्जनमध्ये तर दोन वेगळे पर्यायच दिलेत, स्टँडर्डप्रमाणे कडक तपासायचं तर यूयूआयडी आणि नुसता आकार बघायचा तर जीयूआयडी.