थोरला दवाखाना आधी, कॉलेज नंतर : कोल्हापुरातील वैद्यकीय शिक्षणाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कोणाच्या मुलाला एमबीबीएसला प्रवेश मिळाला, की पहिला प्रश्न येतो : सीपीआरला की बावड्याला? एकाच शहरात सीपीआर रुग्णालयाला जोडलेले एक शासकीय आणि कसबा बावड्यातले डी. वाय. पाटील हे एक खासगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये असणे आजच्या मुलांच्या अंगवळणी पडले आहे. पण थोरला दवाखाना, म्हणजे हेच सीपीआर, उभा राहिल्यापासून त्याला जोडून शासकीय महाविद्यालय सुरू होईपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. मधल्या काळात कोल्हापूरचे लोक डॉक्टर झाले नाहीत असे नाही. झाले, पण बाहेरगावी जाऊन. घरापासून कॉलेजपर्यंतचे हे अंतर कोणाला पार करता आले आणि कोणाला नाही, हाच माझ्या मते या इतिहासाचा गाभा आहे.

आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) म्हणजे मूळचे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचे, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सचे नाव त्याला दिले होते. वास्तुरचना मेजर चार्ल्स मँट यांची. टाउन हॉल आणि नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्यांतून उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या या दवाखान्यात स्त्रियांसाठी वेगळा वॉर्ड होता, पण तिथे नेमायला शिकलेली स्त्री डॉक्टर या मुलखात नव्हती. पुरुष डॉक्टरसमोर जायला बायका तयार नसत. बाळंतपणातले मृत्यू घरातच होत आणि घरातच विसरले जात.

इथे आनंदीबाई जोशी यांचे नाव येते. त्यांच्या गोष्टीत कोल्हापूर सुरुवातीलाही आहे आणि अखेरीसही, हे आपण पुरेसे सांगत नाही. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि कोल्हापुरात नोकरीला असताना त्यांचा इथल्या अमेरिकन मिशनऱ्यांशी संबंध आला. कोल्हापूर मिशनची स्थापना करणारे रेव्हरंड रॉयल वाइल्डर तोवर अमेरिकेला परतले होते आणि तिथून एक नियतकालिक चालवत होते. पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत काही सोय होईल का, असे पत्र गोपाळरावांनी 1878 मध्ये त्यांना लिहिले. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा होती. ती जोशी दांपत्याला मान्य नव्हती. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार छापला, न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या तो वाचनात आला आणि त्यांनी आनंदीबाईंना आपणहून पत्र पाठवले. पुढचे सगळे त्या एका पत्रातून घडले.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय या दुःखातून पक्का झाला. 1883 मध्ये त्या एकट्या जहाजाने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून मार्च 1886 मध्ये त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवी हाती असतानाच कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाच्या प्रमुखपदी नेमले. त्या परतल्या तेव्हा क्षयाने खंगलेल्या होत्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी. कोल्हापुरातली ती जागा त्यांना सांभाळता आली नाही. सीपीआरमध्ये प्रसूती विभागात ड्युटी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीला हे कोणीतरी सांगावे, असे मला मनापासून वाटते.

ती जागा पुढे भरली, तीही कोल्हापूरच्याच मुलीने. डॉ. कृष्णाबाई केळवकर. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर या संस्थानातील स्त्रीशिक्षणाचा कारभार पाहत. कृष्णाबाईंनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या आणि शाहू महाराजांनी त्यांना पुढील शिक्षणासाठी परदेशी पाठवले. संस्थानाकडे स्वतःचे मेडिकल कॉलेज नव्हते. शिकलेल्या माणसाला बाहेर पाठवायचे आणि परत आणायचे, हा त्यावरचा तोडगा होता.

शाहू महाराजांच्या काळाचा विचार करताना आपण 26 जुलै 1902 चा आरक्षणाचा जाहीरनामा आठवतो, ते योग्यच आहे. पण डॉक्टरीसारख्या लांबलचक शिक्षणासाठी बोर्डिंगांचे महत्त्व मला तितकेच मोठे वाटते. 1901 पासून एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली : मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले, तरच तो शाळा पुरी करणार, राजाराम कॉलेजात जाणार आणि मग पुण्या-मुंबईकडे बघणार. ही पहिली पायरी नसती तर पुढच्या सगळ्या पायऱ्या ठरावीक घरांपुरत्याच राहिल्या असत्या.

बाहेर म्हणजे कुठे? मुंबईत 1845 पासून ग्रँट मेडिकल कॉलेज होते. पुण्यात 1878 पासून बी. जे. मेडिकल स्कूल होते. ते कॉलेज झाले 1946 मध्ये. आणि अगदी शेजारी मिरज होते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये मिशनतर्फे या भागात आले, मिरजेत रुग्णालय उभारले आणि 1897 मध्ये तिथे मेडिकल स्कूल सुरू केले. 1891 मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाल्यामुळे मिरज हाकेच्या अंतरावर आले होते. दक्षिण महाराष्ट्रातला रुग्ण मोठ्या ऑपरेशनसाठी मिरजेला जाई. ही सवय आजही पुरती मोडलेली नाही.

स्कूल आणि कॉलेज यांतला फरक तेव्हा मोठा होता. मेडिकल स्कूलमधून बाहेर पडणारा परवानाधारक डॉक्टर होई, कॉलेजमधून पदवीधर. स्वातंत्र्याच्या तोंडावर, 1946 मध्ये, भोर समितीने आपला अहवाल दिला आणि देशात एकाच दर्जाचा मूलभूत डॉक्टर घडवावा असे सुचवले. परवान्याचे अभ्यासक्रम हळूहळू बंद झाले आणि एमबीबीएस हाच एक दरवाजा उरला. दर्जाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. पण गावागावांत बसणारा तो कमी खर्चात शिकलेला डॉक्टरही त्याबरोबर संपला, आणि त्याची जागा एमबीबीएसने भरून काढली नाही. खेड्यात डॉक्टर जात नाहीत या आजच्या तक्रारीचे एक मूळ तिथे आहे.

स्वतंत्र महाराष्ट्रात या पट्ट्याला पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते मिरजेला, 1962 मध्ये. त्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे विद्यापीठ कोल्हापुरात आणि मेडिकल कॉलेज मिरजेत. कित्येक वर्षे कोल्हापूरचा हुशार मुलगा बारावीला चांगले मार्क पडले की मिरज किंवा बी. जे. हेच स्वप्न बघे. जागा मोजक्या, आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर. एकेका मार्कावर आयुष्याची दिशा फिरे.

1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण आले. सहकारात आणि राजकारणात रुजलेल्या दक्षिण महाराष्ट्राने ते लगेच उचलले. कराडला 1984 मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि कोल्हापुरात 1989 मध्ये डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय. शहराचे पहिले मेडिकल कॉलेज हे असे खासगी निघाले. 2005 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अंतर मिटले, पण त्याच्या जागी फी आली. हा प्रश्न देशभरचाच होता. 1992 चा मोहिनी जैन खटला, 1993 चा उन्नीकृष्णन, 2002 चा टी. एम. ए. पै आणि 2005 चा इनामदार, या साऱ्या निकालांमध्ये सर्वोच्च न्यायालय एकच गाठ सोडवत होते : खासगी महाविद्यालयाने फी किती घ्यावी आणि जागा कोणाला द्यावी. इनामदार खटला तर महाराष्ट्रातलाच.

शासकीय महाविद्यालयाची मागणी त्यानंतरही जिवंत राहिली आणि नव्या शतकाच्या तोंडावर ती पुरी झाली. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सीपीआरला जोडून सुरू झाले. आज तिथे दरवर्षी 150 विद्यार्थी एमबीबीएसला प्रवेश घेतात. संलग्नता शिवाजी विद्यापीठाची नाही. 1998 मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याकडे आहेत. महाविद्यालयाचा नवा परिसर शेंडा पार्कात आणि वॉर्ड भाऊसिंगजी रोडवर, त्यामुळे विद्यार्थ्याचे आयुष्य या दोन टोकांमध्ये वाटलेले असते. एक गोष्ट मात्र त्याला इथे भरपूर मिळते : रुग्ण. कोल्हापूर जिल्ह्याबरोबर सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि सीमाभागातूनही लोक सीपीआरला येतात. सर्पदंश, विषबाधा, अपघात, अवघडलेले बाळंतपण, हे सगळे इथे शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडते.

प्रवेशाची पद्धत तेवढ्याच वेगाने बदलत गेली. 1999 पासून राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा आली आणि बारावीच्या मार्कांची सद्दी संपली. ‘नीट’ ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा पहिल्यांदा 2013 मध्ये झाली, त्याच वर्षी न्यायालयाने रद्द ठरवली, आणि 2016 मध्ये पुन्हा लागू झाली. तीही अशी ऐनवेळी, की राज्याच्या सीईटीची तयारी केलेली मुले हवालदिल झाली. अध्यादेशाने त्या वर्षापुरता दिलासा मिळाला. 2017 पासून सगळ्यांना एकच नीट : 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. 2024 मध्ये देशभरात 23 लाखांहून अधिक मुलांनी ती दिली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या पुढे. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या, तालुक्याच्या गावी अकरावी-बारावी करणाऱ्या मुलीला ही शर्यत किती जड जाते हे तिच्या घरच्यांना माहीत आहे. अनेक मुले लातूरला क्लाससाठी जातात, गॅप घेऊन पुन्हा नीट देतात. पूर्वी कॉलेजसाठी गाव सोडावे लागे, आता प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी सोडावे लागते. 2020 मध्ये राज्याने 70:30 हे विभागवार सूत्रही रद्द केले. त्यानंतर विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी जागांची वाटणी राहिली नाही.

अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. मग विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, आणि शेवटी मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग. 2019 पासून कौशल्यांवर आधारित अभ्यासक्रम आला. 2020 मध्ये मेडिकल कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. नंतर विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करण्याचा कार्यक्रमही सुरू झाला. करवीर-पन्हाळ्याच्या खेड्यांत हा उपक्रम मनापासून राबवला, तर पुस्तकात न सापडणारे पुष्कळ काही हाती लागेल.

शासकीय कॉलेजातून पदवी घेतली की एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. ती टाळली तर 10 लाख रुपये दंड. सेवेचे हे वर्ष ओझे मानू नये, असे माझे मत आहे, कारण त्या शिक्षणाचा बराच खर्च लोकांच्या पैशातून झालेला असतो.

फीच्या बाबतीत 2024 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी देण्याचा निर्णय राज्याने घेतला. त्याआधी ही सवलत निम्मी होती, आणि ज्या योजनेतून ती मिळे तिलाही शाहू महाराजांचेच नाव आहे. मात्र ही माफी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेल्या प्रवेशाला आहे, अभिमत विद्यापीठातील, म्हणजे बावड्याच्या, जागांना नाही. कोल्हापुरात एकाच गुणपत्रिकेवर सीपीआर आणि बावडा अशा दोन्ही ठिकाणी अर्ज करणाऱ्या घरांनी पसंतीक्रम भरण्याआधी ही अट वाचावी, आणि उत्पन्नाचा दाखला नीटचा निकाल लागण्याची वाट न पाहता तहसील कार्यालयातून काढून ठेवावा.